भावावर अपहाराची केस झाली त्यानंतर जे कळलं ते

माझा धाकटा भाऊ जिथे कॅश सांभाळायचा त्या ऑफिसने त्याच्यावर चोरी आणि अपहाराचा गुन्हा दाखल केला, त्याला आता बराच काळ झालाय. इतके दिवस यावर लिहिलं नाही कारण घरातली गोष्ट आहे आणि केस अजून चालू आहे. पण मधे एका मैत्रिणीच्या दिराच्या बाबतीत अगदी तसंच झालं, तिचा रात्री फोन आला की आता नेमकं करायचं काय, आणि तिला सांगता सांगता लक्षात आलं की हे सगळं आम्हाला पहिल्या आठवड्यात सांगणारं कोणीच नव्हतं. भावाला विचारलं, तो म्हणाला लिही ताई, फक्त नाव नको. म्हणून लिहितेय.

आधीच स्पष्ट सांगते, माझ्या भावाने पैसे घेतले होते. घरात एक अडचण होती, ती त्याने आम्हाला सांगितली नाही, कॅशमधून उचलले, थोडे परत ठेवले, परत उचलले. ते चूकच आहे, मी त्याचं समर्थन करणार नाही आणि तोही करत नाही. पण तक्रारीत जो आकडा आला तो त्याने घेतलेल्या रकमेच्या कितीतरी पट होता, ज्या काळात तो त्या टेबलवर बसतही नव्हता त्या काळातली तूटही त्याच्या नावावर टाकलेली होती. आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, काहीतरी घेतलं होतं हे खरं असणं आणि जे जे गायब आहे ते सगळं त्यानेच घेतलं हे खरं असणं. पहिल्यांदाच अशा भानगडीत सापडलेल्या माणसाला हा फरक त्या वेळी दिसतच नाही, तो लाजेने इतका खचलेला असतो की समोरचा म्हणेल ते मान्य करून मोकळा होतो.

आमच्याकडे तसंच झालं. त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं, तिघं चौघं समोर बसलेले, आणि सांगितलं की सगळं लिहून दे, पैसे भरून टाक, आम्ही पोलिसात जाणार नाही, तुझ्या घरच्यांनाही कळणार नाही. त्याने लिहून दिलं. त्यांनी आकडा सांगितला तो लिहिला, खाली सही, तारीख. आणि तेच पत्र थोड्या दिवसांनी तक्रारीला जोडलेलं होतं.

घरी येऊन म्हणाला, "ताई, मी लिहून दिलंय, आता मिटेल." मला तेव्हा काही कळत नव्हतं, मीही म्हटलं बरं झालं.

आमच्या वकील मॅडमनी नंतर समजावून सांगितलं ते असं, की पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ आहे, जुन्या कायद्यात २५ आणि २६ होतं. पण मालकाला, मॅनेजरला लिहून दिलेलं पत्र त्यात बसत नाही, ते कोर्टासमोर येऊ शकतं. धमकी देऊन किंवा आमिष दाखवून घेतलं असेल तर कलम २२ खाली त्याला आव्हान देता येतं, आणि नुसत्या अशा पत्रावर शिक्षा द्यायला कोर्टही सावध असतं, पण मग ते सगळं तुम्हाला तिथे उभं राहून लढावं लागतं. न लिहिता "मला वकिलाशी बोलू द्या, मग लेखी कळवतो" एवढं म्हणून उठून आलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. उठून यायची परवानगी कोणाकडून घ्यायची नसते, हे मला आज माहीत आहे. जबरदस्तीने कोंडून ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे.

त्याच बैठकीत कोरे चेक पण मागितले होते. त्याच्याजवळ चेकबुक नव्हतं म्हणून वाचला. कोरा चेक दिला की समोरचा त्यावर हवा तो आकडा टाकून बँकेत भरू शकतो, बाउन्स झाला की चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची वेगळी केस, तिच्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणजे एकाच्या दोन केसेस. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही हा तसलाच प्रकार. देऊ नका, आणि वडिलांना, बायकोलाही द्यायला लावू नका.

आता कलमं. एफआयआर हातात आला (त्याची कॉपी मिळते, बहुतेक गुन्ह्यांचे एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच तसं सांगितलेलं आहे) तर पहिल्यांदा तारखा बघा, म्हणजे पैसे कधी गेले असं म्हणणं आहे ते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्याआधीचं कृत्य असेल तर जुनं आयपीसी लागतं. आमच्या केसमध्ये काळ दोन्हीकडे पसरलेला आहे म्हणून दोन्हीकडची कलमं लावलेली आहेत आणि मला आधी वाटलं होतं की डबल गुन्हे टाकलेत.

चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात असलेली वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलणं, ते न्याय संहितेचं कलम ३०३. नोकरानेच मालकाच्या ताब्यातलं उचललं तर ३०६, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण पैसे मुळातच विश्वासाने तुमच्या हातात दिलेले होते, तुमचं कामच ते सांभाळायचं होतं, आणि ते तुम्ही स्वतःसाठी वापरले, तर तो विश्वासघाताचा गुन्हा, कलम ३१६, त्यातलं कारकून किंवा नोकर यांच्यासाठीचं पोटकलम ४, तिथेही सात वर्षांपर्यंत. पोटकलम ५ मात्र फार जड आहे, लोकसेवक, बँकर, एजंट वगैरेंसाठी, त्यात जन्मठेपेपर्यंत जातं. खाजगी ऑफिसातल्या साध्या कॅशियरला चुकून ५ लावलं असेल तर ते वकिलाने पहिल्या दिवसापासून धरून ठेवायला हवं, कारण जामीन, तडजोड, शिक्षा सगळं त्यावर फिरतं. तसंच फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमं एकाच व्यवहाराला एकदम चिकटवलेली दिसतात, तर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साफ म्हटलंय की ती दोन वेगळी आहेत आणि त्याच हकिकतीवर एकत्र टिकत नाहीत, एकात सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू लागतो आणि दुसऱ्यात आधी विश्वासाने ताबा दिलेला असतो.

आणि "मी परत ठेवणारच होतो" हे जे प्रत्येक जण सांगतो, माझ्या भावानेही सांगितलं, ते बचाव म्हणून चालत नाही. कायद्यात अपहाराच्या कलमाखाली स्पष्टीकरणच दिलेलं आहे की तात्पुरता अपहार हाही अपहारच. हे ऐकून तो खूप रडला होता. शिक्षा ठरवताना मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो, कोणी कधी किती परत ठेवले त्याची नोंद असेल तर ती जपा.

रकमेवर भांडणं यासाठी महत्त्वाचं की पैसे तुमच्या ताब्यात दिले होते एवढं सिद्ध झालं की हिशोब द्यायची जबाबदारी बऱ्याच अंशी तुमच्यावर येते, हिशोब देता आला नाही तर कोर्ट त्यावरून हेतू धरू शकतं. म्हणून कोणाच्या ताब्यात कधी काय होतं हेच खरं युद्ध असतं. आमच्याकडे कॅशच्या कपाटाची दुसरी चावी होती, सॉफ्टवेअरचा पासवर्ड अख्ख्या सेक्शनला माहीत होता, सुट्टीवर असताना व्हाउचर दुसऱ्याने पास केलेले होते, हँडओव्हरची सही कधी झालेलीच नव्हती. यातलं एकही त्याने त्या पत्रात लिहिलं नाही कारण त्याला वाटलं आपण बहाणे करतोय असं दिसेल. मी तर म्हणेन घरी आल्या आल्या एका वहीत आठवेल ते सगळं लिहून काढा, कुठल्या काळात कुठल्या टेबलवर होतो, वर कोण होतं, ऑडिट कधी झालं आणि ऑडिटरने तेव्हा काय म्हटलं. ती वही फक्त वकिलाला दाखवायची.

पण कागद गोळा करण्याच्या नादात ऑफिसच्या सिस्टीममध्ये परत लॉगिन करू नका, फाईल उचलून आणू नका, मोबाईलमधले मेसेज डिलीट तर अजिबात करू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डलाही तो लागू आहे, आणि एकदा तसं दिसलं की जामिनाच्या वेळी सरकारी वकील तेवढंच धरून बसतात. जुन्या सहकाऱ्यांना फोन करून "तू असं सांग" वगैरे पण नको, साक्षीदारावर दबाव आणला म्हणतील. जे तुमच्या स्वतःच्या मेलवर आहे, तुमच्या बँकेत आहे, ते पुरेसं असतं, बाकीचं कोर्टामार्फत मागवता येतं.

अटकेची भीती सगळ्यात मोठी असते, आमच्या आईला तर गेटचा आवाज आला तरी धडकी भरायची. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी आपोआप अटक करायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे घालून दिलंय, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी केस कशी चालवायची त्याचा नवीन कायदा, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला) कलम ३५(३) खाली आधी हजर राहण्याची नोटीस देतात (जुनी ४१ए म्हणायचे ती). नोटीस आली की घाबरून गावाला पळून जाणारे लोक आहेत आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण नोटीस पाळली तर अटक करायला पोलिसांना कारणं लिहून द्यावी लागतात आणि नाही पाळली तर तेच अटकेचं कारण होतं. जा, वेळेवर जा, गेल्याची नोंद घ्या, विचारलं त्याचं उत्तर द्या, पण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कोणावर करता येत नाही हे लक्षात ठेवा. चौकशीच्या पूर्ण वेळ वकील शेजारी बसू देत नाहीत पण मधे भेटता येतं.

सोबत अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन्स कोर्टात टाकता येतो, त्याच संहितेचं कलम ४८२. इथे एक गोष्ट फार नाजूक आहे. वकील किंवा नातेवाईक म्हणतात कोर्टाला सांगू की इतके भरतो, मग जामीन लगेच होईल. आमच्या काकांनी तर जमीन विकायची तयारी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की जामीन ही वसुलीची प्रक्रिया नाही, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कर्मचाऱ्याच्या अपहाराच्या केसमध्ये तर खालच्या सगळ्या कोर्टांना बजावलं की पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, गुणवत्तेवर ठरवा. त्या केसमध्ये आरोपीने हमी दिली, जामीन घेतला, आणि नंतर पाळली नाही. त्यामुळे जे भरता येणार नाही ते कबूल करून बाहेर येऊ नका.

अटक झालीच तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं पाहिजे, अटकेची कारणं लेखी आणि समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, घरच्या एका माणसाला कळवलं पाहिजे. सात वर्षांच्या गुन्ह्यात साठ दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण अर्ज करावा लागतो, चार्जशीट आल्यावर तो हक्क गेला. वकिलाचे पैसे नसतील तर कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला मोफत वकील मिळतो, बायकांना, अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना तर कोठडीत नसतानाही, १९८७ चा कायदा आहे त्यासाठी. तिथले वकील चांगले नसतात असं सर्रास म्हणतात, मला कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्यातले फार मन लावून काम करणारे दिसले.

आता ज्यासाठी मी खरं हे सगळं लिहायला घेतलं ते. पहिल्यांदा चुकलेल्या माणसासाठी आपल्या कायद्यात खरंच जागा ठेवलेली आहे. मला हे माहीतच नव्हतं, मला वाटायचं गुन्हा म्हणजे जेल, संपलं. १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, बोलताना सगळे प्रोबेशनच म्हणतात. आधी शिक्षा झालेली नसेल तर साध्या चोरीसारख्या गुन्ह्यात कोर्ट समज देऊन सोडू शकतं, आणि जन्मठेप किंवा फाशी नसलेल्या गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बॉन्डवर सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांचा बॉन्ड. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०१ मध्ये पण तशीच सोय आहे, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याला, म्हणजे ३०६ आणि ३१६(४) बरोबर त्यात बसतात. आणि पुढचं कलम ४०२ म्हणतं की देता येत असून दिलं नाही तर कोर्टाने कारण नोंदवायचं. कोर्ट प्रोबेशन अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवतं, तो अधिकारी घरी येतो, शेजारी विचारतो, काम काय करतो बघतो. म्हणून केस चालू असताना माणूस कसा जगतोय ह्याला खरोखर किंमत आहे.

अगदी छोट्या चोरीला, पाच हजाराच्या आत, पहिल्यांदाच दोषी ठरला आणि ऐवज परत केला तर आता शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. खटला रेंगाळला आणि माणूस आतच असेल, तर आधी कधीच शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडायचं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या केसेसनाही ते लागू. मात्र एकाहून जास्त केसेस चालू असतील तर हा फायदा मिळत नाही, म्हणून ते कोरे चेक मी इतकं खेचून सांगितलं. प्ली बार्गेनिंगमध्ये (म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेवर तडजोड) सुद्धा पहिल्या वेळेच्या आरोपीला शिक्षा एक षष्ठांशापर्यंत खाली येते, आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. पण त्यात गुन्हा कबूल होतो, दोषी म्हणून नोंद राहते, तेव्हा जे तुम्ही केलंच नाही ते पण त्यात कबूल होत नाहीये ना हे ओळ न ओळ बघा. आमचा त्या रस्त्याला जायचा विचार रकमेवरच अडलेला आहे.

यातलं बरंचसं मागितल्याशिवाय कोणी पुढे करत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर दिवसाला केवढा मोठा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) असतो, तुमच्या वकिलाने तोंड उघडलं तर विषय निघणार.

पैसे परत करण्याबद्दल थोडं. पैसे भरले म्हणजे गुन्हा पुसला असं होत नाही, पण ३०६ आणि ३१६(४) कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता येतात, मालकाची तयारी हवी. ३१६(५) मिटवता येत नाही. भरायचे तर जे खरं घेतलंय तेवढेच, बँकेतून, आणि सोबत लेखी की उरलेली रक्कम मान्य नाही आणि माझे हक्क राखून भरतोय. रोख नेऊन कोणाच्या हातात देऊ नका, पावती मिळत नाही. भावाने पहिले काही पैसे तसेच दिले आणि ते कुठल्याच कागदावर नाहीत.

नोकरीचं वेगळं चालतं. खात्याची चौकशी आणि फौजदारी केस दोन्ही एकदम चालू शकतात, तिथे पुराव्याची पातळीही खालची असते, त्यामुळे कोर्टात सुटला तरी नोकरी परत मिळेलच असं नाही. प्रोबेशन मिळालं तर त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही असं १९५८ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, पण बडतर्फी त्याने टळत नाही, तेही कोर्टांनी सांगून ठेवलंय. नव्या ठिकाणी फॉर्मवर "फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का" असा रकाना असेल तर खरं लिहा. लपवणं पुढे जाऊन मूळ केसपेक्षा जास्त नडतं. पासपोर्टसाठीही केस चालू असताना कोर्टाची परवानगी लागते.

आणि घर. वकिलाची फी, तारखा, कागद हे सगळं जमतं हळूहळू, पण तो माणूस आतून काय होतो ते बघायला कोणाला वेळ नसतो. माझा भाऊ जेवायचा बंद झाला, फोन बंद करून बसायचा, एकदा म्हणाला माझ्यामुळे तुमची मान खाली गेली, मी नसतो तर बरं. मी त्या रात्री त्याच्या खोलीतच झोपले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. ज्याने आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी चढलेली नाही त्याच्यासाठी ही लाज फार भयंकर असते, सराईत माणसाला तसं होत नाही. त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, त्याने नाही केला तर तुम्ही करा. त्याने केलं ते चूक, हे त्याला दिवसातून दहा वेळा सांगायची गरज नसते, त्याला ते माहीत आहे. नातेवाइकांना काय सांगायचं ते घरात एकदा ठरवून टाका, आम्ही ठरवलं की "केस चालू आहे, वकिलांनी बोलू नका सांगितलंय" एवढंच सगळ्यांनी म्हणायचं, आईने पण. त्याने निम्मा ताप कमी झाला.

सध्या चार्जशीट आलेलं आहे, आरोप निश्चित व्हायचे आहेत. मॅडमनी ऑफिसची मूळ कॅशबुकं आणि त्या काळातले सॉफ्टवेअरचे लॉग कोर्टामार्फत मागवायचा अर्ज टाकलाय, कारण चार्जशीटला फक्त एक एक्सेलचा प्रिंट जोडलेला आहे, कोणी बनवला त्याची सही पण नाही. भाऊ एका ठिकाणी पॅकिंगच्या कामाला जातो, तिथल्या मालकांना सगळं सांगूनच लागलाय, पैशाला हात लावायचं काम नको असं त्यानेच सांगितलं. पुढच्या तारखेला त्या अर्जावर ऑर्डर आहे.